कॅरॅक्टर ॲनिमेशन शिकताय? शॉट कच्चा असतानाच दाखवायला शिका

थ्रीडी पात्राला चालायला, उचलायला, बोलायला लावणं ज्यांना पोटापाण्यासाठी करायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मॉडेलिंग, लायटिंग, कंपोझिटिंगचे रस्ते वेगळे आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी आधी पुण्यात क्लास केला, मग ऑनलाइन मेंटरकडे शिकलो. आता स्टुडिओत नवीन मुलांचे शॉट (ॲनिमेशनचे काही सेकंदांचे तुकडे) बघायचं कामही अधूनमधून माझ्याकडे येतं. दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट पक्की दिसते. सॉफ्टवेअर सहा-आठ महिन्यांत सगळ्यांनाच येतं. पुढे सरकतात ते, जे अर्धवट काम वेळेत जाणकाराला दाखवतात आणि मिळालेली नोट, म्हणजे दुरुस्तीची सूचना, नीट समजून घेतात. बाकीचे रात्र-रात्र ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीच्या आलेखात, घालवतात आणि शॉट आहे तिथेच राहतो.

कामावरच्या माणसाकडून शिकायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमधल्या मुलांना शिकवायला डिस्नेत काम केलेले ॲनिमेटर क्लेअर वीक्स आले होते. पुढे ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटलं गेलं ते राम मोहन त्याच युनिटमध्ये तयार झाले. फरक एवढाच की तेव्हा गुरू विमानाने यायचे, आता स्क्रीनवर येतात.

१. आधी सामान जमवा

- कॉम्प्युटर: १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की शिकण्यापुरतं भागतं. महागडं वर्कस्टेशन रेंडरिंगवाल्यांना लागतं, आपल्याला नाही. चाकाचं बटण दाबता येईल असा साधा माउस मात्र घ्याच. टचपॅडवर ॲनिमेशन करू नका.
- ब्लेंडर: हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विद्यार्थ्यांनाच नव्हे, सगळ्यांना फुकट आहे.
- माया: मोठ्या स्टुडिओंत अजून बहुतेक हेच सॉफ्टवेअर चालतं. ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना एक वर्षाचा मोफत परवाना देते आणि तो दरवर्षी नव्याने घेता येतो. त्यासाठी तुमचं नाव, संस्थेचं नाव आणि चालू वर्षाची तारीख या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसल्या पाहिजेत. तारीख नसलेलं ओळखपत्र अपलोड केलं की अर्ज अडकतो. फीची पावती किंवा बोनाफाइड चालतं. या परवान्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही, हे ध्यानात ठेवा.
- रिग, म्हणजे पात्राला हलवायचा आतला सांगाडा आणि त्याचे कंट्रोल: तयार आणि मोफत रिगच घ्या. ब्लेंडर स्टुडिओने दिलेले रेन आणि स्नो हे रिग सुरुवातीला उत्तम. स्वतःचं पात्र बनवत बसलात तर वर्ष रिगिंगमध्ये जाईल.
- मोबाइल आणि स्टँड: स्वतःचा रेफरन्स, म्हणजे तीच हालचाल स्वतः करून दाखवलेला व्हिडिओ, शूट करायला.
- एक वही. हिचं काम पाचव्या पायरीत येईल.

रेफरन्सच्या बाबतीत एका सापळ्यात जवळपास सगळे अडकतात. मोबाइलचा व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमचा असतो, आणि त्यातही फ्रेम रेट मधेच कमीजास्त होतो. तुमचा सीन २४ चा. तो व्हिडिओ तसाच मायात टाकला की सुरुवातीला जुळतो आणि शेवटाकडे सरकत जातो, मग मुलं टायमिंगला दोष देत बसतात. आधी हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून तो २४ च्या कायम फ्रेम रेटवर काढून घ्या. तिथे व्हेरिएबलऐवजी कॉन्स्टंट निवडायचं.

२. बॉलला कमी लेखू नका

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वं तुम्ही पाठ केलेलीच असतील. परीक्षेत लिहायला ठीक आहेत. ती हातात येतात बॉलवर.

एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला साधारण ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४ च्या हिशोबाने ११ फ्रेम. उंची चौपट केली तर वेळ दुप्पटच होतो, २२ फ्रेम. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढे उडी मारणारा माणूसही हवेत किती फ्रेम राहील ते तुम्हाला सांगता येतं. "तरंगतोय" ही नोट निम्म्या वेळा इथूनच येते.

आता ग्राफ एडिटर उघडा. वर-खाली जाणाऱ्या कर्व्हचा माथा गोल हवा आणि जमिनीला टेकतो तिथे टोकदार, इंग्रजी व्ही सारखा. सॉफ्टवेअर आपणहून तो खालचा कोपराही गोल करून टाकतं. त्यामुळे बॉल जमिनीजवळ आल्यावर हळू होतो आणि पाण्यात टाकल्यासारखा दिसतो. टँजंट, म्हणजे कर्व्हला वळण देणारे दांडे, तोडून स्वतः टोक काढा. पुढे जाण्याचा कर्व्ह वेगळा असतो. तो जवळजवळ सरळ चढतो आणि शेवटी मंदावतो. प्रत्येक टप्प्याला त्यात पायरी दिसली तर बॉल प्रत्येक वेळी थबकून पुढे जातोय असं वाटतं.

रबरी चेंडू, टेबल टेनिसचा बॉल आणि लोखंडी गोळा, तिन्ही करा. रंग एकच ठेवा, आकार एकच ठेवा. बघणाऱ्याला कुठला कोणता ते नुसत्या हालचालीवरून ओळखता आलं की पुढे जा.

वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारी दोन पावलांची चाल, लगेच नंतर. फ्रेम १, १३ आणि २५ वर काँटॅक्ट (पुढची टाच टेकते), ४ वर डाउन (शरीर खाली), ७ वर पासिंग (मागचा पाय शेजारून पुढे जातो), १० वर अप (शरीर वर). कंबर सगळ्यात खाली डाउनला असते, काँटॅक्टला नाही, आणि इथे खूप जण चुकतात. २५ ही १ चीच नक्कल आहे, म्हणून प्लेबॅक १ ते २४ ठेवा. नाहीतर दर दोन पावलांनंतर एक बारीक उचकी दिसते आणि ती कुठून येते ते कळत नाही.

३. शिकवणारा सध्या काय काम करतो ते विचारा

क्लास निवडताना इमारत, एसी लॅब आणि "१०० टक्के प्लेसमेंट"ची पाटी बघू नका. तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम बघायला मिळेल का? गेल्या दोन बॅचच्या मुलांच्या शोरील (निवडक शॉटचा छोटा व्हिडिओ) दाखवाल का? आठवड्याला माझ्या शॉटवर कोण, किती वेळ बोलणार? बऱ्याच ठिकाणी कालच कोर्स संपवलेला मुलगा आज शिकवायला उभा असतो. तो बिचारा सॉफ्टवेअरची बटणं शिकवेल, पण शॉटमध्ये काय बिघडलंय ते त्यालाही दिसत नसतं. शैक्षणिक कर्ज काढून सगळी फी एकरकमी भरायला सांगत असतील तर थांबा. हप्ते विचारा, आणि मधेच सोडलं तर काय परत मिळेल ते कागदावर घ्या.

पदवी हवी असेल आणि प्रवेश परीक्षेची तयारी असेल तर अहमदाबादचं एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आणि पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन स्कूल ही वजनदार नावं आहेत. तिथे मात्र फिल्म घडवायला शिकवतात, गोष्ट, डिझाइन, दिग्दर्शन सगळं त्यात आलं. फक्त कॅरॅक्टर ॲनिमेटर व्हायचं असेल तर तो रस्ता लांबचा आहे. वाईट नाही, लांबचा.

ऑनलाइन मेंटरशिपचा पर्याय आपल्या मुलांना आता चांगलाच माहीत झालाय. ॲनिमेशन मेंटर ही शाळा २००५ मध्ये काम करणाऱ्या ॲनिमेटरांनीच काढली. त्यानंतर आयॲनिमेट, ॲनिमस्कूल अशा आणखी आल्या. ढोबळ पद्धत सगळीकडे सारखी: आठवड्याला एक टप्पा जमा करायचा, मेंटर तुमच्या फ्रेमवर रेघोट्या मारत बोलून दाखवतो, शिवाय ठरलेल्या वेळी लाइव्ह वर्ग.

फी डॉलरमध्ये असते, आणि इथे हिशोब चुकतो. कार्डाने भरली तर बँकेचा परकी चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी पडतो. बँकेतून पाठवायची तर पॅन आणि ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशात पैसे पाठवायचा अर्ज, लागतो. दोन्हीकडचा आकडा आधी काढून बघा.

वेळेचंही तसंच. कॅलिफोर्नियात संध्याकाळी सहाचा वर्ग म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे जातात तेव्हा तोच वर्ग साडेसहाला येतो, आणि नोव्हेंबरमध्ये परत साडेसातला. मार्चमधल्या त्या आठवड्यात अर्धे भारतीय विद्यार्थी वर्ग संपल्यावर उगवतात.

४. ब्लॉकिंगमध्येच दाखवा

हीच खरी पायरी आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

शॉटचे टप्पे असे जातात: कल्पना आणि रेफरन्स, थंबनेल (पोजची छोटी कच्ची चित्रं), ब्लॉकिंग (फक्त मुख्य पोज), ब्लॉकिंग प्लस (मधल्या पोजही), स्प्लाइन (पोज सलग हालचालीने जोडणं), पॉलिश (शेवटचा हात). ब्लॉकिंगमध्ये पोज स्टेप्ड असतात, पात्र एका पोजवरून दुसरीवर टणकन उडतं. बघायला ओबडधोबड. म्हणूनच विद्यार्थी ते लपवतात. "जरा स्मूथ करून दाखवतो सर" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो.

गंमत अशी आहे की अनुभवी माणसाला त्या उडत्या पोजमध्येच सगळं दिसतं. गोष्ट कळते का, पोज वाचता येते का, वजन कुठल्या पायावर आहे, कॅमेऱ्यातून हात शरीरामागे लपतोय का. ब्लॉकिंगमध्ये पोज बदलायला दहा मिनिटं लागतात. स्प्लाइन झाल्यावर तीच पोज बदलायची तर सगळ्या कंट्रोलवर मिळून शेकडो की (पोज पक्क्या करणाऱ्या नोंदी) असतात, आणि दोन दिवस जातात. मग माणूस पोज बदलतच नाही, नुसते कर्व्ह गुळगुळीत करत राहतो. पाक बिघडलेल्या लाडवांना बेदाणे लावत बसण्याचा प्रकार.

पहिल्यांदा दाखवताना एवढं बरोबर ठेवा:

प्लेब्लास्ट, म्हणजे रेंडर न करता काढलेला झटपट व्हिडिओ, काढा आणि त्यावर फ्रेम नंबर दिसू द्या. तो नसेल तर "ते मधे कुठेतरी हात वर जातो ना" असं बोलत बसावं लागतं. शॉटच्या कॅमेऱ्यातूनच काढा. रेफरन्स कोपऱ्यात न लावता वेगळ्या फाइलमध्ये पाठवा. तुम्हाला स्वतःला कुठे खटकतंय ते एका ओळीत लिहा. फाइलच्या नावात आवृत्ती घाला, v०३ असं काहीतरी. "फायनल_फायनल_नवीन" नको.

डायलॉग शॉट असेल तर ब्लॉकिंगला ओठ हलवूच नका. आवाज बंद करून शॉट लावा. पात्राला काय वाटतंय ते अंगावरून कळत नसेल तर लिप सिंकने काही वाचत नाही. ओठांचं काम शेवटी, आणि ते वाटतं त्याहून सोपं आहे: म, प, ब ला ओठ किमान दोन फ्रेम मिटलेले हवेत, आणि तोंडाचा आकार आवाजाच्या एखाद-दोन फ्रेम आधी यायला हवा. मराठी संवाद घेतलात तर इंग्रजी तोंडांचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. "फोन" म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, "फळ" म्हणताना बहुतेकांचे दोन्ही ओठ मिटतात. आरसा घ्या आणि बघा.

५. नोट लिहून घ्या, मग तिच्या मागे जा

मेंटर बोलत असताना वहीत तीन रकाने करा: फ्रेम, काय म्हणाले, का म्हणाले. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथल्या तिथे विचारा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. ते शाळेच्या बाहेर कुणाला पाठवू नका.

एक उदाहरण जवळून बघू. शॉट साधा आहे, माणूस वाकतो आणि जड पेटी उचलतो. नोट येते, "वजन वाटत नाही." विद्यार्थी काय करतो? उचलण्याचा भाग ताणून लांबवतो. आता पात्र सावकाश पेटी उचलतं आणि पेटी तरीही थर्माकोलची वाटते, कारण सावकाश म्हणजे जड नव्हे.

फ्रेमवर जाऊन बघा. ३८ ला बोटं पेटीला लागतात आणि ३९ ला पेटी जमिनीवरून सुटलेली असते. खऱ्या माणसाचं तसं होत नाही. बोटं लागल्यावर आधी कोपर सरळ होतात, खांदे खाली ओढले जातात, कंबर मागे जाते, पाय जरा फाकतात. माणूस आणि पेटी मिळून जो तोल होतो तो पावलांच्या वर आल्याशिवाय पेटी हलतच नाही. म्हणजे दुरुस्ती उचलण्याच्या भागात नाहीच. ती त्याच्या आधीच्या दहा-बारा फ्रेममध्ये आहे, जिथे शरीर ताण घेतं आणि पेटी स्थिर राहते. मेंटरने सांगितलं ते लक्षण. कारण शोधायचं काम आपलं.

ऐकू येणाऱ्या नोट आणि बहुतेक वेळा त्यांचा रोख कुठे असतो, ते थोडक्यात:

- "फ्लोटी आहे": पोज एकमेकींत विरघळतायत, कुठेच धरून ठेवलेलं नाही. किंवा वर सांगितलेला गुरुत्वाकर्षणाचा हिशोब चुकलाय.
- "पॉप होतंय": एका फ्रेमवर काहीतरी उडतंय. बहुधा गुडघा किंवा कोपर, हातपाय पूर्ण ताणले गेल्यामुळे.
- "ट्विनिंग": दोन्ही हात एकाच वेळी, एकाच आकारात हलतायत.
- "होल्ड मेलेला आहे": पोज धरलीय पण पात्र पुतळा झालंय. थोडी हालचाल सोडा.

सगळ्या नोट एकाच वेळी लावायला घेऊ नका. क्रम असतो: आधी कल्पना, मग पोज, मग टायमिंग, आणि बोटं-पापण्या सगळ्यात शेवटी. दोन मेंटरनी उलटसुलट सांगितलं, तर दोघांना दिसलेला त्रास कुठल्या फ्रेममध्ये आहे ते बघा. जागा बऱ्याचदा एकच निघते, उपाय दोन असतात. तुम्हाला पटेल तो करा आणि का केला ते सांगा.

नोटवर खुलासे मात्र देऊ नका. "रेफरन्समध्ये तसंच आहे" हे उत्तर नाही. रेफरन्समध्ये असेलही, स्क्रीनवर पटत नाही एवढंच खरं.

६. ओळख नसलेल्या माणसाला विचारताना

कोर्सबाहेरचे लोकही मदत करतात, पण "सर, प्लीज माझी रील बघा आणि फीडबॅक द्या" याला उत्तर येत नाही. त्या माणसाच्या दिवसात असे ढीगभर मेसेज असतात. असं लिहून बघा:

"नमस्कार. मी कॅरॅक्टर ॲनिमेशन शिकतोय. सोबतचा शॉट आठ सेकंदांचा आहे, ब्लॉकिंगमध्ये आहे. फ्रेम २० ते ३४ मध्ये उडीआधीची अँटिसिपेशन पटत नाहीये. तेवढंच बघून सांगितलंत तर मदत होईल. लिंकला पासवर्ड नाही."

एक शॉट, एक प्रश्न, उघडणारी लिंक. उत्तर आलं तर आभार मानून गप्प बसू नका. दुरुस्ती करा आणि नवी आवृत्ती पाठवा. दुसरं उत्तर त्यावर येतं. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

प्रत्यक्ष भेटायचं तर मुंबई सोयीची. टासी, म्हणजे ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया, या संस्थेने ॲनिफेस्ट हा ॲनिमेशनचा मेळावा भरवलेला आहे, सध्या भरतो का ते बघून घ्या. मिफ्फ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, यात माहितीपटांबरोबर ॲनिमेशनपटही असतात. तिथे पॅनेल संपल्यावर स्टेजपाशी गर्दीत घुसण्यापेक्षा चहाच्या वेळी बोललेलं बरं. "जॉब आहे का" हा पहिला प्रश्न नसावा. देशी माणसाला सर-मॅडम म्हटलेलं खपतं. परदेशी मेंटरला सरळ नावाने हाक मारा, दर वाक्याला "सर" आलं की तेच अवघडतात.

७. शोरील

एक मिनिटाच्या आत. उत्तम शॉट पहिला. बघणारा पहिल्या काही सेकंदांत मत बनवतो, त्यामुळे फिरणारा लोगो काढून टाका. नाव, फोन, ई-मेल सुरुवातीला आणि शेवटी. प्रत्येक शॉटखाली तुम्ही काय केलंत ते लिहा. रिग दुसऱ्याचा असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. ग्रुप प्रोजेक्टमधलं दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून लावू नका, हा धंदा फार लहान आहे आणि ते नेमकं त्याच माणसाच्या टेबलावर पोचतं.

तीन चांगले शॉट आणि दोन बरे असतील तर तीनच ठेवा. कुठला काढायचा ते तुम्हाला कळणार नाही, कारण ज्यावर जास्त मेहनत गेली तोच आवडता असतो. मेंटरला विचारा.

८. टेस्ट आणि पहिली नोकरी

स्टुडिओ टेस्ट घेतात, बहुधा एखादा छोटा शॉट, त्यांचाच रिग, ठरलेली मुदत. त्यात काही गैर नाही. टेस्टच्या नावाखाली मिनिट-दोन मिनिटांचं काम फुकट मागितलं किंवा ते शॉट कुठल्या मालिकेतले वाटायला लागले, तर पैसे विचारा. उत्तरावरून काय ते कळेल.

सही करण्याआधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा. प्रोजेक्ट बाहेर येईपर्यंत शॉट रीलमध्ये लावता येत नाही, कधी त्यानंतरही लेखी परवानगी लागते. पात्राचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकून नोकरी घालवलेली मुलं आहेत.

वेगाचा धक्का बसेल, तो धरून चाला. चित्रपटात ॲनिमेटर आठवड्याला चार-पाच सेकंद करतो, टीव्ही मालिकेत त्याच्या कितीतरी पट. कोर्समध्ये एका शॉटला महिना दिलेला असतो. इथे तीच ब्लॉकिंगची सवय कामी येते: सकाळी पोज टाका, दुपारी लीडला, म्हणजे तुमच्या गटाच्या प्रमुखाला, दाखवा, डेलीजची (सगळ्यांचे शॉट एकत्र बघायच्या रोजच्या बैठकीची) वाट बघू नका. डेलीजला दुसऱ्यांच्या शॉटवर बोलणं चालू असताना मोबाइल खिशात ठेवा, त्या नोट तुमच्याही शॉटला लागू पडतात. स्टुडिओतलं काही पेनड्राइव्हवर घरी आणता येत नाही. वही आणता येते, फक्त त्यात प्रोजेक्टचं आणि पात्राचं नाव लिहू नका.